वरची खोली दिसत नाही

६ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसणार नाही. फोनवर आपल्याला पाच मिनिटं मिळतात. ती तुम्ही ‘आई बोलते का’ विचारण्यात आणि मी ‘नाही बोलत’ सांगण्यात घालवतो. कामाचं राहूनच जातं, म्हणून पत्र.

वकील परवा मी काजं करते त्या दुकानात आला. सगळ्या बायका सुया धरून बघत बसल्या. अपिलाची तारीख चोवीस मार्च लागलीय. म्हणाला, “तुमच्या दिराने पहिल्याच दिवशी पोलिसांना आणि मग कोर्टातही ‘मीच केलं’ म्हणून लिहून दिलंय. ते उलटवायचं तर काहीतरी ठोस पाहिजे.” मी म्हटलं, ठोस म्हणजे काय, वीट आणू? तर म्हणाला, ती औषधाची लेबलं तुमच्या छापखान्यात तयार झाली नव्हती, गिऱ्हाइकाने तयार करून आणली होती, एवढं दाखवता आलं तर तुम्ही नुसते छापणारे ठरता. मग सात वर्षं कशाची?

मला पहिल्यापासून हेच वाटतंय. मुदत संपलेल्या बाटल्यांवर नवी तारीख घालायची, हे डोकं तुमचं नव्हे. तुम्हाला दुधाच्या पिशवीवरची तारीख बघायची कधी अक्कल नव्हती. नासलेल्या दुधाचा चहा मला किती वेळा पाजलात!

खालच्या छापखान्यातला कॉम्प्युटर पोलिसांनी नेला. वरचा ह्यांचा तसाच आहे, वर कोणी चढलंच नव्हतं. सगळी कामं त्यातच ठेवलेली असायची आणि तुम्ही ती खालून उघडायचात, एवढं मला माहीत आहे. पण त्याला पासवर्ड आहे आणि तो हे जाताना बरोबर घेऊन गेले. दुरुस्तीवाला म्हणाला, पासवर्ड काढतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. त्याला जिन्यावरूनच परत पाठवला.

आता बहिणीने तिचा जुना लॅपटॉप दिलाय. तुम्ही खालून उघडायचात तसं मला ह्याच्यावरून उघडायचंय. नेटवर्क लिहिलंय तिथे दाबलं तर हा लॅपटॉप आरशात बघितल्यासारखा स्वतःलाच दाखवतो. ह्यांच्या कॉम्प्युटरचं नाव तुम्हीच ‘वरची खोली’ ठेवलं होतंत ना? ती वरची खोली दिसत नाही.

काय दाबायचं ते एक एक करून लिहा. इंग्रजी अक्षरं मी लावून लावून वाचते, तेव्हा मोठं पुराण नको.

वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

इथे पत्र फोडून, वाचून, शिक्का मारून हातात देतात. त्यामुळे तुझी वीट इथल्या साहेबालाही कळली. तो हसला. असं रोज घडत नाही.

मी बरा आहे. सुतारकामाच्या शेडमध्ये दिलंय, दिवसभर खुर्च्यांना पॉलिश पेपर मारतो. नाकातून लाकूड निघतं.

खरं सांगू? त्या कॉम्प्युटरमध्ये काही मिळणार नाही. गिऱ्हाइकाने काय दिलं नि काय नाही ते मी परत केलं असेल. आता आठवत नाही. पण तू ऐकायची नाहीस, म्हणून लिहितो.

‘माय कॉम्प्युटर’वर उजवं बटण दाब, सगळ्यात खालची ओळ उघड. तिथे कॉम्प्युटरचं नाव बदलायचा चौकोन येईल. त्यात ‘वरची खोली’ लिही, दादाच्या कॉम्प्युटरला आहे अगदी तसंच, जोडून, इंग्रजीत. लॅपटॉप बंद करून चालू कर. मग नेटवर्कमध्ये बघ.

झालं तर झालं. नाही झालं तर जीव आटवू नकोस. साडेचार वर्षं राहिलीत, निघून जातील.

आईचं पायाचं दुखणं कसं आहे? माझं नाव काढते का?

तुझा
भाऊजी


२५ जानेवारी

भाऊजी,

तुमच्या सांगण्यावरून केलं आणि होतं तेही गेलं. नाव लिहिलं, बंद केलं, चालू केलं. आता कोपऱ्यात पिवळी पाटी येते. तासभर लावून वाचली. या नावाचं दुसरं यंत्र आधीच आहे, असं काहीतरी आहे. आधी निदान लॅपटॉप स्वतःला तरी दाखवत होता, आता तोही दिसेनासा झाला. दहा वर्षं तुम्ही हेच काम करत होतात की दुकानात बसून माशा मारत होतात?

साडेचार वर्षं निघून जातील म्हणता. तुमची जातील हो. इथे मी आहे. सकाळी सासूबाईंचं अंग पुसायचं, दुपारी दोनशे काजं करायची, संध्याकाळी परत त्यांचं. बोलायला माणूस म्हणाल तर त्याच. आणि त्या काय बोलतात? विचारलंत म्हणून सांगते, गोड करून सांगायची मला सवय नाही. “धाकट्याने थोरल्याला खाल्लं.” हेच रोज. धाकट्याने घराचं नाव घालवलं आणि त्या लाजेने थोरला छाती धरून गेला. नाव काढतात तुमचं, पण असं.

ह्यांनी मनाला लावून घेतलं हे खोटं नाही. तुम्हाला नेल्यावर आठ महिने जगले, त्यात धड जेवले नाहीत. तुम्हाला भेटायला जाऊ म्हणायचे, दाढी करायचे, कपडे घालायचे आणि बसच्या वेळेला पलंगावर बसून राहायचे. “उद्या जातो.” असे किती उद्या गेले. तुमची लाज वाटते म्हणून जात नाहीत, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला.

जाऊ द्या. पिवळ्या पाटीचं काय करू ते लिहा. अठ्ठावन्न दिवस राहिलेत.

वहिनी


३ फेब्रुवारी

वहिनी,

चिडू नकोस. त्या लॅपटॉपची तऱ्हा वेगळी असेल.

असं कर. वायर लावतो तो काळा डबा, दिवे लुकलुकतात तो, दहा मिनिटं बंद ठेव. चालू केलास की लॅपटॉप विचारेल, तू घरी आहेस की सार्वजनिक जागी? तिथे ‘सार्वजनिक’ निवड. त्याने सुरक्षित राहतं. नाव आहे तेच असू दे, बदलू नकोस.

एवढं करून दिसलं नाही तर तो कॉम्प्युटर गेला समज. जुना झालाय. भंगारवाल्याला देऊन टाक. खोली मोकळी होईल, तिथे आईचा पलंग लाव, तिला खिडकी मिळेल. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस मात्र. लोक आतलं काय काय उचलून नेतात.

दादा आला नाही याचं मला काही वाटलं नाही. तू त्याला तसं म्हणायला नको होतंस.

भाऊजी


१३ फेब्रुवारी

भाऊजी,

दिसलं नाही. आणि भंगारवाल्याला काही दिलेलं नाही.

कोपऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास घेणाऱ्या बाई आहेत ना, चष्मा केसात खोचून तोच शोधत असतात त्या. काल लॅपटॉप आणि तुमची दोन्ही पत्रं घेऊन त्यांच्याकडे गेले. क्लासमध्ये बारा खुर्च्या, त्यातल्या चार मोडक्या. बाईंनी तुमचं पहिलं पत्र वाचलं आणि हसल्या. दुसरं वाचलं आणि हसायच्या थांबल्या.

“ताई, हे लिहिलंय त्यांना कॉम्प्युटर येतो का?”

“दहा वर्षं तेच केलंय त्याने.”

“दोन यंत्रांना एकच नाव दिलं की ती एकमेकांना दिसत नाहीत, हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतो आम्ही. आणि घरात बसून ‘सार्वजनिक’ निवडायचं म्हणजे बाकीच्या यंत्रांकडे पाठ फिरवायची.”

“चुकला असेल. अडीच वर्षं हात लावलेला नाही.”

“एकदा चुकला असता, ताई. हे अगदी नीट जमवून चुकवलंय. तुम्हाला ते दिसू नये असं त्यांना वाटतंय.”

मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं बघा, माझ्या दिराबद्दल बोलायचं काम नाही. लॅपटॉप उचलला आणि निघाले. रस्ता ओलांडला, दिव्याच्या खांबाशी उभी राहिले आणि परत गेले. बाई बावीस तारखेला, रविवारी घरी येणार आहेत.

आता तुम्ही सांगा. तुमच्याच सुटकेचं काम आणि तुम्हीच त्यात खोडा घालता. का?

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र रविवारच्या आत मिळावं म्हणून साहेबाच्या हातापाया पडून आजच पाठवतोय.

त्या बाईंना येऊ देऊ नकोस. तो कॉम्प्युटर उघडू नकोस. तू मला वाढवलंस, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागतो. इथे पत्रं वाचतात, मोकळं लिहिता येत नाही. लेबल मी केलं. मीच केलं. त्यात बघण्यासारखं काही नाही.

भाऊजी


२२ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी,

तुमचं उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत थांबायला हवं होतं की काय कोण जाणे. मी थांबले नाही.

बाई दहाला आल्या. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, “वरचं मशीन चालू करा.” केलं. पासवर्ड मागत उभं राहिलं, तसंच राहू दिलं. बाई लॅपटॉप घेऊन खाली माझ्या ओट्यापाशी बसल्या. त्याचं नाव बदलून ‘स्वयंपाकघर’ ठेवलं. सार्वजनिकचं घरगुती केलं. नेटवर्क उघडलं. दिसेना. मी म्हटलं, संपलं. “ताई, जरा दम धरा,” म्हणाल्या. “नावाने नाही आलं तर नंबराने येईल. प्रत्येक यंत्राला घरात एक नंबर असतो.” काळ्या डब्यातून तो नंबर शोधला, दोन तिरक्या रेघा ओढून पुढे घातला, आणि एक पिवळी फाईल उघडली. एकच. बाकी सगळ्याला कुलूप, हिला काही नाही.

आत गिऱ्हाइकाचं असं काही नव्हतं. एका जुन्या बाटलीचा फोटो होता, आणि त्याच्याखाली लेबलं. बाई नावं वाचत गेल्या. लेबल. लेबल नवीन. लेबल शेवटचे. लेबल अगदी शेवटचे. हेच शेवटचे. बाईंना हसू आलं. “कोण हो हे? मनच ठरत नव्हतं वाटतं!”

मला हसू आलं नाही. घरात असं एकच माणूस होतं. सामानाची यादीसुद्धा तीनदा लिहायचे आणि तिसरीवर ‘शेवटची’ लिहून चौथी करायचे. तुम्ही तर एकदा केलेलं काम पुन्हा बघायचा कंटाळा करता.

बाईंना म्हटलं, तारखा वाचा. तीन जून ते नऊ जून, एकूण अकरा वेळा केलेलं.

दोन जूनला सासूबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. ते सात दिवस तू दवाखान्यात होतास. तिसरा मजला, खिडकी बंद होत नव्हती त्या खाटेशेजारी, जमिनीवर सतरंजी टाकून. दोन्ही वेळचा डबा मीच आणत होते. तू अंघोळीलासुद्धा घरी आला नाहीस. आणि हे वर दार लोटून बसलेले असायचे. मला वाटायचं, आईची काळजी करतायत.

बाईंना चहा न देताच जायला सांगितलं. त्या समजल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी झटकला. उद्या माफी मागेन.

बारा वर्षांचा होतास तेव्हा या घरात माझ्या हाती आलास. दीर म्हणून मी अहो-जाहो करत आले, पण ताट वाढताना माझ्या मनात तू पोरच होतास. एवढं मोठं खोटं माझ्यासमोर जेवत बसलं होतं आणि मला दिसलं नाही. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला भावाची लाज वाटते. ऐकून घेतलं त्यांनी. एकदासुद्धा ‘नाही’ म्हणाले नाहीत.

पुसून टाकता आलं असतं त्यांना. आठ महिने होते हातात. पुसलं नाही. सगळ्याला पासवर्ड घातला आणि नेमकी हीच फाईल उघडी ठेवली. का, ते आता कोणाला विचारू?

दुपारी वकिलाला घरी बोलावून दाखवलं. तो म्हणतो, यावर काम होईल. पण आधी ‘मीच केलं’ हे तुला सहीनिशी मागे घ्यावं लागेल. कागद सोबत आहे. सही कर आणि पाठव.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तुझी माझी पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. साहेबाने तुझं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला. म्हणजे आता लपवायला काही उरलं नाही.

पोलीस आले तेव्हा दादा मोरीत शाईचे हात धूत होता. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? दादाने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी म्हटलं, मी केलं. वाटलं, चार दिवस आत ठेवतील, दम देतील, सोडतील. माझ्यामागे कोण आहे, त्याच्यामागे तू होतीस. ते औषध पिऊन दोन माणसं गेलीत हे मला त्या संध्याकाळी चौकीत कळलं. दादालाही तेव्हाच कळलं असणार. मग मागे फिरता येईना. त्याच्याही पायांत बळ नव्हतं, माझ्याही तोंडात.

सही करत नाही. कागद परत पाठवतो आहे.

तुझ्यासाठी नव्हे. तू सोसशील, तू तशीच आहेस. आईसाठी. तिला दोन मुलगे. मी तिच्या मनातून गेलो त्याला अडीच वर्षं झाली, ते तिने पचवलंय. दादा गेला, पण चांगला म्हणून गेला, तेवढं एक तिच्याजवळ आहे. मी सुटायचं म्हणजे ते तिच्या हातातून काढून घ्यायचं. अंथरुणावरच्या बाईकडून. माझ्याने होणार नाही.

वकिलाला सांग, दीर वेडा आहे. खोटं नाही ते.

भाऊजी


९ मार्च

भाऊजी,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

मला वाटलं होतं, ऊर बडवतील. पाणी भरून ठेवलं होतं, शेजारच्या नर्सला थांबायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, “उशी जरा वर घे.” घेतली. म्हणाल्या, “मला माहीत होतं.”

मला आधी कळेचना. म्हटलं, काय माहीत होतं?

“सात दिवस तो माझ्या पायाशी झोपला होता. पोलीस त्याच सात दिवसांचं बोलत होते. मी लंगडी झाले, बहिरी नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर थोरल्याला नेलं असतं. दोघांतला एक जाणारच होता. म्हटलं, घर चालवणारा तरी राहू दे.”

“आणि धाकट्याला रोज शिव्या घालता त्या?”

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. म्हणाल्या, “नसत्या घातल्या तर रडू आलं असतं. मग तू विचारलं असतंस.”

एवढंच. नंतर तोंड भिंतीकडे केलं. मी दुपारी त्यांना जेवायला दिलं नाही. संध्याकाळी दिलं. काय करणार, उठून घेता येत नाही त्यांना.

म्हणजे तू जे त्यांच्यासाठी जपत होतास ते त्यांच्याकडे कधी नव्हतंच. तिघांनाही माहीत होतं. तुला, ह्यांना, त्यांना. एका घरात तिघं जण माझ्या हातचं जेवत होते, आणि मी एकटी गिऱ्हाइकाला शिव्याशाप देत होते.

मी माझं लिहून दिलंय. कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याचा, काम माझ्या नवऱ्याचं. खाली सही केली. बातमी फुटलीच आहे. दुकानातल्या बायका आता डबा खायला माझ्यापासून लांब बसतात. बसू देत. त्या दोन माणसांच्या घरचे उद्या दारात आले तर दार मीच उघडीन.

मी नवऱ्याचं नाव दिलंय. ते मला काही मजेने दिलेलं नाही. आता तुला कोणाच्या आड बसता येणार नाही. कागद पुन्हा पाठवते. वकिलाला वीस तारखेच्या आत पाहिजे. हा परत आला तर मी पुन्हा लिहिणार नाही, सांगून ठेवते.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

सही केली. तिन्ही पानांवर. साहेबाने स्वतःचं पेन दिलं आणि पाकीटही त्यानेच बंद केलं, वाचलं नाही.

आईवर राग नाही असं लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले.

सुटलो तर घरी येणार नाही. टेबलखुर्च्या करता येतात आता, कुठेही पोट भरेल. जाईन तिथला पत्ता तुला कळवीन, तुला एकटीला. आईला सांगू नकोस. ती विचारणार नाही.

विचारलंच तिने कधी, तर विचारलं एवढं मला कळव.

भाऊजी